चावी प्रकाशकणांची

■ पद्धत : चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी १९८४ मध्ये ‘बीबी८४’ मांडली. संदेशाची गुप्त चावी एकेका फोटॉनवरून जाते. वाटेत कुणी डोकावलं, तर फोटॉनची अवस्था बिघडते आणि चोरी पकडली जाते.

■ वेग : अंतर वाढलं की चावी तयार होण्याचा वेग घटतो. बोदवड–जळगाव अंतर सुमारे ५० किमी. एवढ्या लांबीच्या चांगल्या फायबरमधून दहातला एकच फोटॉन पोहोचतो. १०० किमीला शंभरातला एक.

■ भारतात : डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज–विंध्याचल या १०० किमीहून लांब मार्गावर यशस्वी चाचणी केली, तीही आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरवर.

■ पुढे : एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं (६,००३.६५ कोटी रुपये) लक्ष्य : शहराशहरांत २,००० किमीचं सुरक्षित जाळं.