न वाजणाऱ्या घंटेची देखभाल

११ फेब्रुवारी २०१३ च्या दुपारी अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातल्या ग्रेट फॉल्स या गावी केआरटीव्ही वाहिनीवरचा कार्यक्रम मध्येच तुटला. धोक्याच्या इशाऱ्याचा ओळखीचा कर्कश आवाज आला आणि पाठोपाठ गंभीर स्वरात सांगण्यात आले, की मेलेली माणसे थडग्यांतून उठून जिवंतांवर हल्ले करीत आहेत. मिशिगन राज्यातही तोच प्रकार घडला. लोक हसले. पण भुतांऐवजी फुटलेल्या धरणाची बातमी असती तर?

चोरट्याने कोणते कुलूप फोडले? कोणतेच नाही. प्रत्येक केंद्राच्या यंत्रखोलीत इशाऱ्याची एक पेटी असते. ती इतर केंद्रांचे प्रक्षेपण अहोरात्र ऐकत बसते आणि ठरावीक सांकेतिक किरकिर कानी पडली, की चालू कार्यक्रम बाजूला सारून इशारा आपणहून पुढे धाडते. अशा काही पेट्या कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलताच इंटरनेटला जोडल्या गेल्या होत्या.

त्याच वर्षी उघडकीस आलेली दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. ‘डॅसडेक’ जातीच्या पेट्यांत सर्वाधिकाराची गुप्त किल्ली सगळीकडे एकच होती, आणि ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते कोणालाही मिळू शकत होते. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर काय बोलावे! सगळ्या शाखांना एकच किल्ली, आणि तिचा ठसा तिजोरीच्या माहितीपत्रकात! कंपनीने एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्त सॉफ्टवेअर दिले. दिले म्हणजे उपलब्ध केले. ते पेटीत घालायचे ज्याचे त्याने.

घोडे अडते ते इथेच. छोट्या रेडिओ केंद्रांना पूर्णवेळ इंजिनिअर परवडत नाही. एकच गृहस्थ अनेक केंद्रे सांभाळतो. जाहिरात बंद पडली तर फोन येतो, गप्प बसलेल्या पेटीसाठी कोण फोन करणार? आमच्या शाखेतल्या धोक्याच्या घंटेचा देखभाल-करार दरवर्षी मंजुरीला जाई, तेव्हा वरून हमखास विचारणा होई : गेल्या वर्षी ही किती वेळा वाजली? एकदाही नाही, हे उत्तर आमच्या मते करार चालू ठेवण्याचे कारण होते आणि त्यांच्या मते बंद करण्याचे.

ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, फेमा या अमेरिकी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेला पुन्हा बजावावे लागले, की सॉफ्टवेअर अद्ययावत नसलेल्या पेट्यांतून बाहेरचा माणूस खोटे इशारे देऊ शकेल.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. फेमाचे इशारे इंटरनेटवरूनही येतात आणि त्यांवर डिजिटल सही असते. ती सही ओळखण्याची प्रमाणपत्रे मुदतीची असतात. मुदतीआधी नवी घातली नाहीत, तर पेटी ‘सही जुळत नाही’ म्हणून खरा इशाराच परत करते. नमुना-सहीचे कार्ड बदलायचे राहिले की खातेदाराचा चेक परत जातो, तसा. थोडक्यात, दुर्लक्षित पेटीचे दार चोराला उघडे आणि घरधन्याला बंद असू शकते.

खोट्या इशाऱ्याचा इतिहास जुना आहे. २० फेब्रुवारी १९७१ रोजी चाचणीच्या जागी चुकीची टेप लागून राष्ट्रीय आणीबाणीचा आदेश, खऱ्या सांकेतिक शब्दासह, देशभर गेला. पुष्कळ केंद्रांनी तो प्रसारितच केला नाही. त्या दिवशी हे बरे झाले. पण आदेश खरा असता, तरीही ही केंद्रे अशीच गप्प बसली असती.

२०२५ मध्ये सेज या जुन्या उत्पादकाने आपल्या पेटीचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. पेटीऐवजी साध्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर वापरू द्या, अशी प्रसारकांची मागणी आहे. मला ती रास्त वाटते. मात्र त्या संगणकाकडे वेळोवेळी लक्ष देणारा माणूसही पगारपत्रकावर हवा. आज केंद्रांना इशाऱ्याची साप्ताहिक चाचणी घ्यावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. पासवर्ड कारखान्यातलाच आहे की बदललेला, हे त्या चाचणीत कळत नाही.