नकारात्मक भावनांचे दोन प्रकार : अल्बर्ट एलिस यांच्या उपचारपद्धतीच्या संदर्भात

'भावनांवर ताबा ठेवा' हा उपदेश प्रौढ व्यक्तीस वारंवार ऐकावा लागतो. त्यामुळे दुःख, राग, भीती या भावना मुळातच त्याज्य आहेत, असा समज दृढ होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीस हा समज मान्य नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीतील एकाच भेदाचा विचार केला आहे.

घटना नव्हे, तर घटनेविषयीची धारणा मनुष्यास अस्वस्थ करते, हा या पद्धतीचा पाया होय. हे सूत्र नवे नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे ऋण एलिस यांनी स्वतःच मान्य केले आहे. परंतु एलिस पुढे जाऊन नकारात्मक भावनांचे हितकारक आणि अहितकारक असे दोन प्रकार मानतात. खेद आणि नैराश्य, नाराजी आणि संताप, काळजी आणि चिंता या त्यांतील काही जोड्या. (मराठी व्यवहारात काळजी व चिंता हे शब्द समानार्थीच वापरले जातात, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.)

एखाद्या प्राध्यापकाची पदोन्नती रखडली आहे असे समजू. 'ती मिळावी अशी माझी तीव्र इच्छा होती, मिळाली नाही हे वाईट झाले', अशी धारणा असल्यास त्यास खेद होईल. पण प्रस्तावातील त्रुटी शोधण्याचे अथवा दाद मागण्याचे बळ शिल्लक राहील. याउलट 'ती मिळायलाच हवी होती, मिळाली नाही म्हणजे मी कुचकामी', असे मानल्यास नैराश्य येते. दोष इतरांवर गेल्यास संताप, आणि तो बहुधा वर्गात किंवा घरात बाहेर पडतो. दोन्ही विधानांतील इच्छा एकच आहे. फरक आहे तो 'च' या अव्ययाचा. इच्छेची हट्टी मागणी झाली की भावनेचे रूप पालटते.

'असा नियम जगात कोठे आहे?' हा प्रश्न स्वतःस विचारून ही मागणी तपासावयाची असते. 'मला त्याचे काहीच वाटत नाही' असे म्हणणे हा उपाय नव्हे. ती आत्मवंचना होय. तसेच केवळ विचारमंथन पुरेसे नाही, कृतीही हवी. एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालविण्यासाठी एलिस यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभरात सुमारे शंभर अपरिचित स्त्रियांशी संभाषण केले. भेटीस होकार एकीनेच दिला, आणि तीही आली नाही! भीती मात्र ओसरली.

या पद्धतीचा दुरुपयोगही संभवतो. प्रत्यक्ष अन्याय झालेल्या सहकाऱ्यास 'तुमची धारणा बदला' असे सांगणे म्हणजे नाराजीतील न्याय्य अंश नाकारणे होय. शिवाय निद्रानाश, दीर्घकाळ टिकणारी उदासी किंवा आत्महत्येचे विचार असल्यास स्वप्रयत्नांवर विसंबू नये. मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे.