कथलाचा सांधा

तांब्यापितळेची भांडी ज्या घरांत नित्य वापरात होती, त्या घरांत वाढलेल्या वाचकांना कल्हईवाल्याची आरोळी, अंगणाच्या कोपऱ्यात त्याने खणलेला खड्डा, भात्याने फुललेले निखारे आणि नवसागराची चिमूट पडताच उसळणारा तो नाकाला झोंबणारा पांढरा धूर यांची आठवण करून देण्याची गरज नाही. परंतु त्याच विद्येची एक धाकटी बहीण मोटारसायकलच्या दिव्यामागे, तारांच्या जुडग्यात, मुकाट्याने नांदत असते, हे मला स्वतःला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

निमित्त झाले ते मामांकडून माझ्याकडे आलेल्या जावा २५० चे. जावा हे नाव ऐकून पुष्कळांना त्या नावाचे बेट आठवते. वस्तुतः यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा विभाग विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे, Ja आणि Wa, जोडून हे नाव केले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली, आणि १९९६ साली त्या कारखान्याला टाळे लागले. गाड्या मात्र राहिल्या, आणि त्यांच्या तारा म्हाताऱ्या झाल्या.

मामांच्या गाडीचा दिवा पिवळा, मलूल पडे. हेडलाइटची खोळ उघडली तेव्हा आत पाच ठिकाणी पिळाचे सांधे आढळले: तारांची टोके सोलून एकमेकींभोवती पिळलेली आणि वर काळी टेप. ज्यांनी ते सांधे दिले त्यांना मी दोष देत नाही, कारण रस्त्यात अडलेल्या माणसाला रात्रीपूर्वी घरी पोहोचवण्याची तजवीज त्यांनी केली होती. तात्पुरता इलाज पुढे कोणी पक्का केला नाही, एवढेच. टेप सोडवली तर आतले तांबे हिरवट-काळे, शुद्ध मराठीत सांगायचे तर कळकलेले.

या कळकण्याची किंमत किती, हे मीटरने दाखवले. दिवा लावून बॅटरीच्या टोकांवर मोजले तर ६.२ व्होल्ट, आणि दिव्यापाशी अवघे ५.२. त्या गाडीचा विद्युत्प्रपंच ६ व्होल्टचा; २५ वॅटचा दिवा सुमारे ४ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि वाटेतल्या सांध्यांचा रोध मिळून पाव ओहम जरी झाला, तरी १ व्होल्ट त्या सांध्यांतच जिरतो. आजच्या १२ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटच्या दिव्याला निम्मा प्रवाह पुरतो, म्हणून तेवढ्याच रोधाने अर्धाच व्होल्ट जाईल, तोही १२ मधून. जुन्या गाड्यांना वाईट सांधा इतका का बाधतो, याचे उत्तर या साध्या त्रैराशिकात आहे. आणि तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टतेपेक्षा फार झपाट्याने घटत असल्यामुळे त्या एका व्होल्टासाठी माझा जवळजवळ निम्मा उजेड खर्ची पडत होता.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांनी उभी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली. त्यांनी सामानाची याद लिहून मला पुण्याच्या तपकीर गल्लीत पाठवले: ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न, पोटात राळ असलेली सोल्डरची तार, आणि उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या, ज्यांना दुकानदार नुसते 'स्लीव्ह' म्हणतात. परतताना कसब्यातल्या तांबट आळीवरून आलो. तेथील ठोक्यांचा आवाज कानावर पडला तेव्हा पिशवीतल्या वस्तूंचे मूळ गोत्र लक्षात आले.

कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. परंतु सोल्डरसाठी ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले की ते मिश्रण दोघांच्याही खाली, १८३ अंशांनाच एकदम पाणी होते. दोन धातूंनी परस्परांच्या सहवासात आपापला ताठा सोडावा, असा हा निसर्गाचा चमत्कार मला आजही थक्क करतो. मात्र हा रस तांब्याला नुसता चिकटत नाही: कथलाचा आणि तांब्याचा एक पातळ थर परस्परांत मिसळून नवे संयुग बनते, आणि ते बनण्यासाठी तांबे निर्मळ तर हवेच, पण स्वतः तापलेलेही हवे. कल्हईवाला भांडे आधी निखाऱ्यांवर धरतो आणि मगच कथील फिरवतो, त्याचे कारण हेच. नवसागर तेथे धातूवरचा मळ खातो. तारेच्या कामी ती कामगिरी राळ करते. येथे मात्र दोन विद्यांच्या वाटा फुटतात, कारण नवसागरासारखे क्षार तारेच्या धाग्यांत अडकून राहिले तर पुढे महिनोन्महिने तांबे खात बसतात. भांडे धुता येते, तार धुता येत नाही.

बॅटरीची तार सोडवून मी कामाला बसलो. पहिल्या सांध्यावर आयर्नचे टोक टेकवले आणि त्या टोकावरच सोल्डर वितळवून थेंब तारेवर सोडला. थेंब अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल बसला आणि ओढताच तार त्यातून निसटली.

"तार तापव, कथील नव्हे," काका म्हणाले.

दुसऱ्या खेपेस काळे पडलेले तांबे लखलखीत लागेपर्यंत तार मागे कापली, दीड सेंटिमीटर सोलली, आधी स्लीव्ह ओवून दूर सारली, कारण सांधा झाल्यावर ती ओवायला जागा उरत नाही. मग पिळाच्या खालच्या अंगाला आयर्न धरले आणि वरच्या अंगाला सोल्डरची तार नुसती टेकवली. तीन-चार सेकंद काही झाले नाही. मग राळेचा सुगंधी धूर उठला, आणि तो रुपेरी रस धाग्याधाग्यांतून असा शोषला गेला की जणू समईच्या वातीने तेल ओढून घ्यावे. चांगल्या सांध्यात प्रत्येक धाग्याची रेघ कथलाखालून ओळखू येते. गोळा दिसला की काम कच्चे समजावे.

पीळही कसाबसा देऊन चालत नाही. तारायंत्राच्या काळात खांबांवरच्या तारा जोडताना एकीचे टोक दुसरीभोवती घट्ट वेटोळे घालून बसवीत, म्हणजे ताण पिळाने पेलावा. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तो पीळ आजही तितकाच उपयोगी आहे, कारण कथील मऊ असते आणि ओढ सोसण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. शिवाय वातीसारखा वर चढलेला रस जेथे थांबतो तेथे ताठ तार संपून लवचीक तार सुरू होते, आणि इंजिनाच्या कंपाने ती नेमकी त्या सीमेवर तुटते. म्हणूनच कारखान्यांत आज तारांची टोके बहुधा डाख न देता यंत्राने दाबून बसवितात, आणि योग्य हत्यार हाती असेल तर तो मार्ग अधिक भरवशाचा, असे माझेही मत झाले आहे. पण घरच्या ओट्यावर, साध्या साधनांनी डाख द्यायचा असेल, तर स्लीव्ह सांध्यापलीकडे दोन बोटे न्यावी आणि तार चौकटीला बांधून टाकावी, म्हणजे सांधा हलणार नाही.

पाच सांध्यांना संध्याकाळ झाली. बॅटरी जोडून दिवा लावला. मीटरने त्याच्यापाशी ६.१ व्होल्ट दाखवले, आणि समोरच्या भिंतीवरचा कोनाडा, जो पूर्वी त्या उजेडात ओळखू येत नसे, त्यातली पणतीसुद्धा स्पष्ट दिसली.

ज्या वाचकांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांना एवढेच विनवतो, की काम खिडकीपाशी करावे, कारण राळेचा धूर दम्याला कारण होतो. आणि सोल्डर वितळवण्याच्या तापमानाला शिसे हवेत उडत नसले तरी बोटांना लागते, म्हणून साबणाने हात स्वच्छ धुतल्याखेरीज फराळाच्या ताटाला स्पर्श करू नये.