अनोळखी गिऱ्हाइकाला खात्री कशी पटते?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या घरांत एकच शोध सुरू होतो. दापोली, गुहागर, दिवेआगर, तारकर्ली... उतरायला जागा कुठली घ्यायची? मोबाइलवर पाहिलं की त्या गावातल्या घरगुती निवासांची रांगच समोर येते. फोटो बहुतेकांचे सारखे: झोपाळा, नारळाची बाग, केळीच्या पानावर वाढलेलं जेवण. दरांतही शे-दोनशेचाच फरक. मग बोट खाली सरकतं आणि आधी राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचलं जातं. फोन कुणाला लावायचा, हे तिथे ठरतं. कोकणातल्या एखाद्या घराने चार खोल्या बांधण्यासाठी कर्ज काढलेलं असतं. त्याचे हप्ते वेळेवर फिटणार की नाही, यात या चार-सहा ओळींच्या रिव्ह्यूंचा मोठा वाटा असतो. म्हणून ते कसं काम करतात, हे निवास चालवणाऱ्यांनी आणि तिथे जाणाऱ्यांनीही नीट समजून घ्यायला हवं.

गरज कुणाला जास्त?

गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं रिव्ह्यूंवाचून अडत नाही. दळण जाडसर आलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतं आणि गिरणीवाला पुढच्या वेळी काळजी घेतो. किराणा दुकानाचं, शिंप्याचं तसंच. रोज एकमेकांना दिसणाऱ्या माणसांत नाव कमावलं जातं आणि जातंही ते बोलण्यातूनच.

कोकणातल्या निवासाचं गिऱ्हाईक मात्र दीडशे-दोनशे किलोमीटरवर बसलेलं असतं, कधी त्याहून लांब. ते कदाचित एकदाच येणार असतं. ॲडव्हान्स आधी पाठवावा लागतो, बरोबर लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतात. जागा वाईट निघाली तर भर सीझनमध्ये रात्री दुसरी मिळत नाही. मोठ्या साखळी हॉटेलाकडे नाव असतं, आणि त्या नावावर गिऱ्हाईक डोळे झाकून पैसे भरतं. घरगुती निवासाकडे तसं नाव नाही. सरकारच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी असेल तर तिचा आधार मिळतो. पण रात्री पंखा चालतो का, सुरमई ताजी असते का, मध्यरात्री मूल आजारी पडलं तर घरची माणसं उठून धावतात का, हे नोंदणीच्या कागदावरून कळत नाही. ते फक्त राहून गेलेला माणूस सांगू शकतो.

चांगल्या मालाला भाव का मिळत नाही

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक शोधनिबंध लिहिला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. गाडी चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा फसण्याची भीती धरून बेताचाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठतात आणि खटारे मागे उरतात. माहितीच्या असमानतेवरच्या या कामासाठी अकरलॉफ यांना २००१ साली मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

हेच गणित आपल्या समुद्रकिनाऱ्यावर मांडून पाहा. एक मालकीण पहाटे बंदरावर जाऊन बांगडा आणते, नारळ ताजा खवते, सोलकढीला आमसुलं स्वतःच्या घरची वापरते. शेजारचा आदल्या दिवसाचं वाटण आणि बर्फातली मासळी चालवून घेतो. दोघांच्या ताटाचा फोटो सारखाच दिसतो. येणाऱ्या पाहुण्याला फरक कळायला काही मार्गच नसेल तर तो स्वस्त ताट निवडणार, आणि जास्त खर्च करणारी बाई हळूहळू हात आखडता घेणार किंवा धंदाच बंद करणार. रिव्ह्यू हा फरक उघड्यावर आणतो. माझ्या मते छोट्या व्यवसायासाठी त्याचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे: प्रामाणिकपणे केलेला जास्तीचा खर्च त्यामुळे वसूल होऊ शकतो.

ताऱ्यांचा गल्ल्याशी संबंध

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी २०११ साली याचं मोजमाप मांडलं. येल्प या अमेरिकी संकेतस्थळावर तेव्हा उपाहारगृहांच्या ताऱ्यांची सरासरी अर्ध्या ताऱ्यापर्यंत गोल करून दाखवली जाई. म्हणजे ३.२४ सरासरीच्या उपाहारगृहापुढे तीन तारे दिसत आणि ३.२६ च्या उपाहारगृहापुढे साडेतीन. चवीत काडीचा फरक नाही, पण दिसण्यात अर्ध्या ताऱ्याचा. लुका यांनी सिॲटलमधल्या उपाहारगृहांच्या महसुलाशी हे ताडून पाहिलं. एक तारा वाढला की उत्पन्न साधारण ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा परिणाम स्वतंत्र, एकट्या-दुकट्या उपाहारगृहांवर दिसला. साखळी उपाहारगृहांवर दिसला नाही. ज्याचं नाव आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्याबद्दल अनोळखी माणसाने लिहिलेल्या चार ओळींनी नवं काही कळत नाही.

आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे मालवणला लावू नयेत. पण कारण तेच आहे.

नकाशात वर कोण दिसतं

गूगल आपल्या मार्गदर्शनात सांगतं की आसपासच्या जागा शोधताना क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या शब्दांशी जुळणी, अंतर आणि त्या जागेचं नाव किती गाजलेलं आहे. तिसऱ्या गोष्टीत रिव्ह्यूंची संख्या आणि तारे धरले जातात. पैसे भरून हा क्रम वर सरकवता येत नाही. जाहिरात द्यायची तर ती वेगळी, जाहिरात म्हणूनच दिसते. छोट्या माणसाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे.

संख्या का हवी, ते साध्या हिशेबाने कळतं. आठ पाहुण्यांनी पाच-पाच तारे दिले आणि नवव्याने एकच दिला तर सरासरी ४.६ वर येते. दोनशे जणांनी पाच दिले असतील तर त्याच एका ताऱ्याने ती ४.९८ होते, म्हणजे ढळतच नाही. थोडे रिव्ह्यू असलेलं घर एका रुसलेल्या पाहुण्याच्या हातात असतं.

आणि ते ताजे हवेत. मधल्या काळात स्वयंपाक करणारी बाई सोडून गेली असेल, शेजारी नवं बांधकाम सुरू झालं असेल. २०१९ सालचं कौतुक आजच्या पाहुण्याला काय सांगणार?

कामाचा रिव्ह्यू कसा असतो

'खूप छान जागा, नक्की भेट द्या' असं लिहिणाऱ्याचं मन मोठं असतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. आता हा नमुना पाहा:

'गाडी वरच्या रस्त्याला लावावी लागते. घरापर्यंत पाखाडी उतरून जावं लागतं, आईला गुडघ्यांमुळे त्रास झाला. खोल्या स्वच्छ. गीझर नाही, पण सकाळी बंबाचं कढत पाणी मिळालं. मासे आदल्या रात्री सांगावे लागतात. तिसऱ्यांचं सुकं फार सुंदर. नेटवर्क फक्त अंगणात येतं.'

तारे तीन. मालकाला ते बघून वाईट वाटेल, आणि तरीही असा रिव्ह्यू दहा कोरड्या पाच ताऱ्यांहून जास्त उपयोगी पडतो. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत ते फोन करून पाखाडीच्या पायऱ्या किती ते विचारतील किंवा दुसरीकडे जातील, आणि येऊन नाराज होणार नाहीत. मासे खाण्यासाठीच कोकणात येणाऱ्याला नेमकं हवं ते कळलं. कुणी 'बंबाचं पाणी' वाचूनच खूश होईल. योग्य पाहुणा येतो आणि चुकीचा आधीच टळतो, म्हणजे पुढची कटकट वाचते. शिवाय 'तिसऱ्या', 'पाखाडी' असे शब्द मालकाच्या जाहिरातीत बहुधा नसतात. लिहिणारा तिथे खरोखर राहून गेला, याचा तोच पुरावा.

सगळेच पाच तारे असावेत असा अट्टाहासही नको. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगेल संशोधन केंद्राने २०१७ साली ऑनलाइन खरेदीचा अभ्यास मांडला. सरासरी ४.० ते ४.७ या टप्प्यात असते तेव्हा खरेदीची शक्यता सर्वाधिक असल्याचं त्यात दिसलं. पूर्ण पाचच्या जवळ गेलं की ती उतरते. एकही तक्रार नाही म्हटल्यावर माणसाला शंका येते.

उत्तर कुणासाठी लिहायचं?

बरेच मालक इथे चुकतात. टीका वाचून राग येणं साहजिक आहे. घर आपलं, हात आपले, आणि कुणी परका येऊन नावं ठेवतो. मग उत्तरात भांडण होतं: 'तुम्हीच रात्री दोनपर्यंत गोंधळ घातलात.' ते कदाचित खरंही असेल. पण हे उत्तर तो पाहुणा एकदा वाचणार, आणि पुढची दोन वर्षं नवी गिऱ्हाइकं वाचत राहणार. लिहायचं त्यांच्यासाठी.

वरच्या रिव्ह्यूला असं उत्तर देता येईल: 'आईंना त्रास झाला, याचं वाईट वाटतं. पाखाडीचं आम्ही फोनवर आधी सांगायला हवं होतं. आता बुकिंग घेतानाच सांगतो आणि सामान उतरवायला माणूस वर पाठवतो. पायऱ्यांना कठडा या पावसाळ्यानंतर बसवतोय.' दोष मान्य, काय बदललं ते सांगितलं, वाद नाही. कठडा मात्र खरंच बसवायचा.

डाविदे प्रोझर्पिओ आणि जॉर्जिओस झर्वास या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात, ट्रिपॲडव्हायजर या प्रवास-संकेतस्थळावर उत्तरं द्यायला लागलेल्या हॉटेलांचे रिव्ह्यू सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि तारेही किंचित, साधारण ०.१२ ने, वर गेले. मालक वाचतो हे दिसलं की उगाच टाकलेले तक्रारीचे दोन शब्द कमी होतात; तक्रार करणारा सविस्तर लिहितो.

मागायला लाजू नये

कोकणी माणूस भिडस्त. पाहुण्याला पोटभर वाढेल, निघताना कोकमं बांधून देईल, पण 'दोन ओळी लिहा' म्हणायला त्याची जीभ अडते. परिणाम असा की समाधानी पाहुणा घाट चढेपर्यंत विसरतो आणि चिडलेला मात्र आठवणीने लिहितो. निघताना एकदा सांगावं, त्याच संध्याकाळी 'सुखरूप पोचलात ना?' या निरोपाबरोबर व्हॉट्सॲपवर लिंक पाठवावी. ती गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट मिळते. जेवणघरात क्यूआर कोड लावला तरी चालतो.

मात्र रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा फुकट जेवण देऊ नये. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच निवडून मागणंही बसत नाही. मागायचं तर सगळ्यांकडे.

खोट्याचा धंदा

लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर या लेखकाने तो राहत होता त्या बागेतल्या शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायजरवर नोंदवलं. तिथे काहीच शिजत नव्हतं. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहवून त्याने ती शेड लंडनमधल्या पहिल्या क्रमांकावर नेली. ही गोष्ट जगभर मजेने सांगितली गेली. मला त्यात खाली ढकलल्या गेलेल्या खऱ्या उपाहारगृहांचं दुःख जास्त दिसतं.

आपल्याकडेही पाच ताऱ्यांची पाकिटं विकणारे फोन येतात. घेऊ नयेत. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानकही आणलं. लिहिणारा खरा आहे याची पडताळणी कशी करावी, हे त्यात आहे. ते ऐच्छिक आहे, आणि ते सक्तीचं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. खोट्याची झळ सगळ्यात आधी प्रामाणिक छोट्यालाच लागते.

न राहिलेल्या कुणी एक तारा दिला, तर गूगलकडे तक्रार करता येते. पण नियम मोडला असेल तरच तो रिव्ह्यू काढला जातो. मालकाला पटत नाही, हे कारण चालत नाही. तोवर खाली शांतपणे एवढंच लिहावं: 'त्या तारखांना आमच्या वहीत आपली नोंद दिसत नाही. कृपया फोन करा, आम्ही पाहतो.'

पाहुण्याने काय करावं

पाच मिनिटं काढून लिहावं, आणि मराठीत लिहावं. ज्याला मराठी येत नाही त्याला मोबाइल भाषांतर करून दाखवतो. कुठल्या महिन्यात गेलो, किती माणसं होतो, रस्ता शेवटी कसा आहे, जेवणात काय खाल्लं, काय नडलं, ते सांगावं. वाडीतल्या वळणाचा एखादा फोटो टाकावा, कारण नकाशावरची खूण पुष्कळदा चुकीच्या घरावर असते. तक्रार असेल तर आधी तिथेच सांगून पाहावी. बहुतेक गोष्टी त्याच रात्री सुटतात. आणि रिव्ह्यू टाकल्यानंतर मालकाने चूक सुधारल्याचं कळलं, तर आपला जुना रिव्ह्यू उघडून त्यात तसं लिहावं आणि तारेही बदलावेत. ती सोय तिथे आहे, फक्त फार थोडे जण ती वापरतात.