धार जाहिरातीत नव्हे, गालावर पारखा

दाढीच्या ब्लेडवर लेख लिहिण्यासारखे काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. चहा-साखरेबरोबर दुकानात मागायची ही वस्तू. दुकानदार जे पाकीट पुढे सरकवील ते आपण खिशात टाकतो. पण ज्या समाजाला एकेकाळी न्हाव्याचा वस्तराच नाकारला गेला, त्याने तरी ब्लेड डोळे मिटून घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांनी साताऱ्यातील आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. साताऱ्यात न्हावी होते, सुभेदारांच्या घरी पैसे मोजण्याची ऐपतही होती. तरी मुलांचे केस कापण्याचे काम थोरल्या बहिणीला करावे लागे, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. भावांच्या डोक्यावर हात बसवत बसवत ती माउली या कामात तरबेज झाली होती.

याच्या उलट तथागतांचा संघ पाहा. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि पात्राबरोबर वस्तराही आहे. आणि शाक्यांचा न्हावी उपाली याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करणे भाग पडावे. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. एका व्यवस्थेने वस्तऱ्याचा भेदासाठी वापर केला, दुसऱ्या व्यवस्थेत वस्तरा धरणाराच विनयाचा आचार्य झाला.

पाते आपल्या हाती आले

बाबासाहेब साताऱ्यात शिकत होते त्याच सुमारास अमेरिकेत किंग जिलेट नावाचा गृहस्थ पातळ, दोन्ही बाजूंनी धार असलेले आणि बोथट झाले की फेकून देता येईल असे पाते बाजारात आणण्याच्या खटपटीत होता. १९०३ साली त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले. पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री नव्वद हजारांवर गेली. या वस्तूमुळे जगभर माणूस आपली दाढी आपल्या हाताने, न घाबरता करू लागला. आपल्याकडे तिचा आणखी एक अर्थ होता. ज्याच्या घरी रेझर आला, त्याला दाढीपुरती तरी कोणाच्या होकाराची गरज उरली नाही. सेवा नाकारणे हा गुन्हा आहे असे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने सांगितले. पण काही खेड्यांतून दलितांचे केस कापायला नकार दिल्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागतात.

धार मोजतात कशी?

दुधारी ब्लेडची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. सुरुवातीची पाती साध्या पोलादाची असत. ती गंजत आणि एक-दोन दाढ्यांत बोथट होत. म्हणून जुनी माणसे ब्लेड काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूने घासून पुन्हा धार आणीत. १९६० नंतर स्टेनलेस पोलादाची पाती आली आणि धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढू लागला. हा थर नसेल तर धारदार पातेही केस ओढते. आजचे ब्लेड ग्लासावर किंवा तळहातावर घासाल तर तो थरच निघून जाईल. पुसण्यानेही धार बिघडते. पाण्याखाली धरावे, झटकावे आणि कोरडे होऊ द्यावे.

धार मोजण्याची यंत्रे आहेत. ठरावीक जाडीचा धागा ताणून त्यावर पाते टेकवतात आणि धागा तुटायला किती भार लागला ते ग्रॅममध्ये पाहतात. अशा एका प्रचलित मापनात नव्या दुधारी ब्लेडला सुमारे ५० ग्रॅम लागतात. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीला त्याच्या कित्येक पट. म्हणजे बाजारातले कोणतेही बरे ब्लेड सुरीच्या मानाने फारच तीक्ष्ण असते. आपण जो फरक शोधतो तो त्याहून बारीक असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

पोलादापेक्षा केस सुमारे पन्नास पट मऊ, तरी धार जाते कशी? अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा धार नुसती झिजत नाही, तर तिचे बारीक टवके उडतात असे दिसले. दोन-चार दाढ्यांनंतर गालावर जी ओढ जाणवते, तिच्यामागे हे टवकेही असतात.

घरची परीक्षा

जपानचे फेदर ब्लेड अतिशय तीक्ष्ण म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पण तेच एकाच्या गालाला मऊ लागते आणि दुसऱ्याची कातडी सोलवटून काढते. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ’क्लॉक यांपैकी चांगले कोणते यावर प्रत्येक चाळीत दोन पक्ष असतात. कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः जाणून मगच स्वीकारा. ब्लेडलाही हाच न्याय लावावा.

दोन किंवा तीन प्रकारची लहान पाकिटे आणावीत. रेझर, साबण आणि ब्रश तेच ठेवावेत, कारण रेझर बदलला की पात्याचा कोन बदलतो आणि तुलना फसते. दाढी दर वेळी सारख्याच दिवसांची असावी. दोन-तीन मिनिटे पाणी आणि फेस मुरू द्यावा. भिजलेला केस सहज कापला जातो. ब्लेड घरातल्या दुसऱ्या कोणी रेझरात बसवून द्यावे आणि नाव सांगू नये. नाव कळले की मन आधीच निकाल देते.

हात दाबू नये. गाल सोपा असतो. खरी परीक्षा हनुवटीवर आणि वरच्या ओठावर होते. केस ओढला गेला का, रक्त आले का, तुरटी फिरवल्यावर किती चुरचुरले, आणि कितव्या दाढीला ओढ सुरू झाली, हे मुलांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. पहिल्या दाढीवरून निकाल देऊ नये. अंगठा किंवा नख घासून धार पाहणे तर सोडूनच द्यावे. त्याने बोट तेवढे कापते.

मग हिशेब मांडावा. समजा, दोन रुपयांचे ब्लेड दोन दाढ्या सुखाने देते आणि पाच रुपयांचे सहा. तर महाग दिसणारे ब्लेड दाढीमागे स्वस्त पडते. पण ते तिसऱ्याच दाढीला टोचू लागले, तर स्वस्तच बरे. महिन्याच्या खर्चात ही रक्कम लहान आहे, पण हिशेबाची सवय लहान नाही.

बोथट ब्लेड सुरक्षित असते, हा एक गैरसमज आहे. बोथट पात्यावर आपण जोर देतो आणि जोरानेच कापते. उलट मुरुमे असलेल्या किंवा पहिल्यांदा दाढी करणाऱ्या मुलाला सर्वांत तीक्ष्ण पाते देऊ नये. मध्यम धारेचे, पण कोरे पाते द्यावे.

एक ब्लेड, एक माणूस

बाप-लेकांत, भावा-भावांत एकच ब्लेड फिरवण्याची काटकसर करू नका. कावीळ-ब चे विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतात, आणि ते रक्त डोळ्यांना दिसेलच असे नाही. या काविळीवर लस आहे. ती मुलांना जरूर द्यावी. सलूनमध्ये ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे वस्तऱ्यात बसवतात. तो तुकडा कोरा आहे ना, आपल्यासमोर मोडला ना, हे पाहावे आणि नसेल तर नम्रपणे मागावे. नाभिक बांधवही आपल्यासारखेच कष्टकरी आहेत. कोऱ्या ब्लेडने त्यांच्या हातांचेही रक्षण होते.

शेवटी वापरलेल्या ब्लेडविषयी. माता-भगिनींनी या बाबतीत घराला शिस्त लावावी, अशी आमची विनंती आहे. दाढीला निरुपयोगी झालेले पाते बोट कापायला पुरेसे धारदार असते. ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले की कोणाच्या हाताला लागते? पहाटे डबा उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या, कचरा वेचणाऱ्या बाईच्या. त्या हातांत आपल्याच वस्तीतले कितीतरी हात आहेत. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडावी, जुनी पाती त्यात टाकीत जावे, आणि डबा भरला की तोंड घट्ट बंद करून, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ असे लिहून, तो सफाई कामगाराच्या हाती सांगून द्यावा. अशा एका डब्यात वर्षानुवर्षांची पाती मावतात.