कूलरची चुणचुण आणि एक छोटे मीटर

गेल्या उन्हाळ्यात अम्मी दोन-तीनदा म्हणाल्या, "कूलरमध्ये पाणी भरताना हाताला चुणचुण होते." आम्ही हसण्यावारी नेले. "चप्पल घालून भरा," असे मीच सांगितले. आठवीच्या मुलांना धाराविद्युत शिकवणाऱ्या बाईचे हे उत्तर! मग एका संध्याकाळी माझी सहा वर्षांची मुलगी ओल्या फरशीवरून अनवाणी कूलरकडे धावली, पत्र्याला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. अल्लाहची मेहरबानी, नुसत्या झटक्यावर निभावले.

मोहल्ल्यातले वायरमन चाचा आले. कूलरच्या पत्र्याला टेस्टर टेकवताच आतला दिवा लागला. मग त्यांनी मल्टिमीटरचे एक टोक पत्र्याला आणि दुसरे सॉकेटच्या अर्थिंगला लावले. आकडा 190 च्या पुढे गेला! पंपाच्या वायरचे आवरण पत्र्याला घासून फाटले होते आणि थ्री-पिन टॉपमध्ये अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती.

"मग एमसीबी कशी पडली नाही?" मी विचारले. चाचा म्हणाले, "बेटी, ती वायरिंग जळू नये म्हणून असते. माणसासाठी आरसीसीबी लागते." त्यांचे खरे होते. एमसीबी पडायला बरेच अँपिअर लागतात. घरातली आरसीसीबी मात्र साधारण 30 मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडते. तिच्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती पडली नाही, तर वायरमनला बोलवावे.

टेस्टर किती सांगतो?

टेस्टरचा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर लागतो. म्हणून मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवावे लागते. टेस्टर वीज आहे एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. दिवा लागला नाही म्हणून वीज नाही, असेही समजू नये. टेस्टर बिघडलेला असू शकतो. आधी चालू सॉकेटमध्ये तो लागतो का, ते पाहून घ्यावे.

प्लग काढून करायची तपासणी

साधे मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळते. त्याची एक तपासणी घरातल्या कोणालाही करता येते, कारण ती प्लग काढूनच करायची असते. मीटर 'बीप'च्या खुणेवर ठेवा. एक टोक प्लगच्या जाड, लांब पिनेला लावा, दुसरे कूलरच्या रंग नसलेल्या स्क्रूला. बीप वाजली, तर अर्थिंगची वायर पत्र्यापर्यंत पोहोचली आहे. वाजली नाही, तर दुरुस्तीआधी ती वस्तू वापरू नका. थ्री-पिनची इस्त्री, फ्रिज, वॉशिंग मशीनही असेच तपासा.

सॉकेटमधले अर्थिंग मात्र वायरमनकडूनच मोजून घ्यावे. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण 230 व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम काही व्होल्ट.

बॅटरी बदलण्याआधी

हेच मीटर पैसेही वाचवते. आमचा इन्व्हर्टर अर्ध्या तासात बंद पडू लागला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "बॅटरी गेली." चाचांनी मोजून पाहिले. 12 व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास नुसती ठेवली, तर 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. पण खरी परीक्षा भार टाकल्यावर होते. पंखे-दिवे लावताच आकडा झपाट्याने 11 च्या खाली गेला, तर बॅटरी थकली समजा. हायड्रोमीटरने सहाही खाने पाहावेत. एकाचाच आकडा इतरांपेक्षा फार खाली असेल, तर दोष त्याच खान्यात आहे.

आमच्या बॅटरीचे सगळे खाने ठीक होते. टर्मिनलवर पांढरी बुकटी साचली होती आणि पाणी कमी झाले होते. टर्मिनल साफ केले, डिस्टिल्ड वॉटर घातले, काम झाले. फक्त ध्यानात ठेवा, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नका. पाण्याऐवजी ॲसिडही कधी घालू नका.

या वर्षी कूलर माळ्यावरून उतरवला, तेव्हा प्लग हातात घेऊन मी मीटर लावले. मुलगी शेजारी कान देऊन उभी होती. बीप वाजली तशी ती ओरडली, "दादीजान, आता पाणी भरा!"

अम्मी मात्र आधी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी सांगत होते तेव्हा कोणी ऐकले नाही."