राजाची आतषबाजी लोकांच्या बागेत

गावच्या जत्रेत रात्री दारूकाम सुरू झालं की लहानथोर सगळे माना वर करून उभे राहतात. नळे, बाण, चंद्रज्योती तुमच्या ओळखीच्याच आहेत. पण तिकीट काढून बागेत जायचं आणि शोभेची दारू पाहायची, ही रीत युरोपात कशी पडली आणि तिची किंमत कोणी मोजली, ते आज पाहू.

पूर्वी तिथेही दारूकाम ही राजेलोकांची चैन होती. लढाई जिंकली, तह झाला, की खर्च राजाने करायचा आणि प्रजेने लांबून पाहायचं. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २७ एप्रिल १७४९ रोजी असंच दारूकाम झालं. त्यासाठी हँडेल या संगीतकाराने खास संगीत रचलं होतं. या संगीताची तालीम सहा दिवस आधी व्हॉक्सहॉल नावाच्या करमणुकीच्या बागेत झाली. तिकीट अडीच शिलिंग, दारूकाम नाही, नुसतं वादन! तरी बारा हजारांवर लोक लोटले आणि लंडन ब्रिजवर घोडागाड्या तीन तास अडकल्या, अशी त्या वेळची नोंद आहे. मुख्य रात्री मात्र दारूकामासाठी उभारलेल्या मंडपाच्या एका भागाला आग लागली.

अशा करमणुकीसाठी लोक खिशात हात घालतात, हे यातून उघड झालं. पुढे बागांमध्ये चढाओढ सुरू झाली. तोरे नावाच्या कारागिराने १७७२ च्या सुमारास लंडनच्या मॅरिलबोन बागेत ‘व्हल्कनची भट्टी’ दाखवली. व्हल्कन हा रोमन लोकांचा लोहारदेव. डोंगराखाली त्याची भट्टी पेटलेली, राक्षस घण घालताहेत आणि शेवटी डोंगर फुटून तप्त रस वाहतो आहे, असा तो देखावा होता.

अशी कथा आपल्याकडेही आहे. पुण्याचे संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातील दारूकामाचा इतिहास लिहिला, त्यात पेशव्यांच्या बखरीतली ही हकीकत येते. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका करतात, रावण, राक्षस, मारुती सगळे दारूचेच, असं महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं. ते ऐकून पेशव्यांनी पुण्यात पर्वतीला तसंच दारूकाम करवलं. कल्पना तीच. फरक एवढाच, की इथे हौस पेशव्यांची आणि तिथे तिकिटाचे पैसे लोकांचे.

मात्र तिकीट आलं, की दर खेपेला काहीतरी नवं दाखवणं भाग पडतं. पॅरिसच्या तिवोली बागेत सोफी ब्लांशार ही धीट बाई बलूनमधून वर जाई आणि तिथून दारू सोडी. बलूनमध्ये हायड्रोजन भरलेला, म्हणजे चटकन पेट घेणारा वायू! ६ जुलै १८१९ च्या रात्री तो पेटला. खाली लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बलून एका घराच्या छपरावर आदळला, ती रस्त्यावर पडली आणि दगावली.

आता रंगांचं पाहा. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या जुन्या दारूतून मुख्यतः पांढऱ्या आणि सोनेरी ठिणग्याच मिळत. एकोणिसाव्या शतकात पोटॅशियम क्लोरेट वापरात आलं आणि झगझगीत रंग साधले. स्ट्रॉन्शियमने तांबडा, बेरियमने हिरवा, तर तांब्याने निळा. पण हेच क्लोरेट गंधकाशी मिसळलं, तर नुसत्या घासण्यानेही भडकू शकतं. भर वस्तीत, घराच्या खोल्यांत दारू भरणारे कारागीर आणि त्यांचे शेजारी यांनी याची किंमत जिवाने मोजली. ब्रिटनमध्ये १८७५ साली स्फोटकांचा कायदा झाला. परवाना, एकमेकांपासून दूर बांधलेल्या लहान खोल्या, एका खोलीत मोजकी माणसं आणि मोजका माल, असे नियम आले. क्लोरेट आणि गंधक एकत्र करण्यास तिथे १८९४ मध्ये मनाई झाली. हिंदुस्थानातही स्फोटकांचा कायदा १८८४ साली झाला.

प्रेक्षकांची काळजी घेणंही हळूहळू जमत गेलं. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५२ पासून तळ्यातल्या बेटावर लढायांचे देखावे होत आणि प्रेक्षक अलीकडच्या काठावर बसत. म्हणजे दारू आणि माणसं यांच्यामध्ये पाणी! लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ब्रॉक घराण्याने १८६५ मध्ये दारूकाम सुरू केलं. लाकडी चौकटीवर पेन्सिलीएवढ्या असंख्य कागदी नळ्या बसवून ते माणसांची चित्रं पेटवून दाखवत. १९३६ मध्ये तो काचमहालच आगीत गेला. कोपनहेगनची तिवोली बाग मात्र १८४३ पासून आजतागायत चालू आहे, आणि दारूकामही.

मंडळी, या कथेतून जत्रेसाठी घेण्यासारखं पुष्कळ आहे. दारूकाम परवानाधारक कारागिरालाच द्यावं. जागा गंजी आणि छपरांपासून दूर असावी. वारा लोकांकडून दारूकडे वाहणारा असावा. मध्ये दोर बांधून मोकळं रान ठेवावं आणि पाण्याची पिंपं भरून ठेवावीत. न फुटलेल्या दारूला मुलांनी हात लावू नये, हे आधीच बजावावं.

आणि गुरुजी, तुमच्यासाठीही यात धडे आहेत. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकून दाखवा. ज्योत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. आकाशात बार फुटला, की उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. मुलांना मधले सेकंद मोजायला सांगा. तीन सेकंद गेले, तर दारूकाम सुमारे एक किलोमीटरवर आहे असं समजा. एवढ्या अंतरावरूनही ते छानच दिसतं, बरं का!